सुनेचं तास

तिळाच्या बोंडात राहणारी एक माशी तीळ नसताना कुठं राहते, हे शोधायला मी सोलापूर जिल्ह्यात गेले होते. परत आल्यापासून हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं आणि बहुतेकांनी 'अस्सं' म्हणून चहाचा कप उचलला. रत्नागिरीला आई म्हणाली, "मुलगा बघायला चल म्हटलं की तुला सवड नसते, आणि माशीला बघायला आगगाडीनं जातेस." तिला काय सांगणार? सांगण्यासारखं जे होतं ते माशीबद्दलचं नव्हतंच. ते कुणाला तोंडी सांगता येईना, म्हणून लिहायला बसले आहे.

पण आधी थोडं माशीबद्दल. मी पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात झाडांवरच्या गाठी गोळा करते. काही किडे पानात, कळीत नाहीतर कोवळ्या फळात अंडं घालतात, आणि झाड त्या अंड्याभोवती गाठ वाढवतं. आपल्या जिवावर दुसऱ्याचं मूल पोसायचं, असा तो मामला. तिळाची माशी त्यातलीच. डासाहून लहान, तांबूस पोटाची. ती कोवळ्या बोंडात अंडं घालते. मग बोंड फुगतं, वाकडं होतं, आणि आत एक तीळही धरत नाही. आळी वाढते ती तिथंच, कोष करते तोही तिथंच. बाहेर पडलेली माशी फार तर दोन-तीन दिवस जगते. तीळ रानात उभा असतो पावसाळ्यात, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही जात टिकते कशी, हा माझा प्रश्न होता. आमच्याकडे भाताची गादमाशी बांधावरच्या गवतात दिवस काढते. तशी हिचीही काही सोय असणार, पण ती कुणी पाहिली नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेतले शिंदे मूळचे सांगोल्याकडचे. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात ते गावी जाऊन आले आणि सहज म्हणाले, "बाई, दुष्काळात आमच्याकडं कुणी तिळाचा दाणा जमिनीत टाकला नव्हता. तरी यंदा बोंडं फुगलीच." माझ्या हातातली परीक्षानळी तशीच राहिली. आख्खं एक वर्ष गावात तीळ नाही आणि माशी मात्र आहे! म्हणजे तिचं दुसरं घर त्या शिवारातच कुठंतरी असणार. मी रजा टाकली, शिंद्यांनी आपल्या थोरल्या भावाला निरोप धाडला, आणि नवरात्राच्या तोंडावर मी निघाले.

सोलापूर

सोलापुरात पहाटे उतरले तेव्हा अंगावर शाल होती. आठ वाजता ती पिशवीत कोंबून मी पदरानं वारा घेत होते. सांगोल्याची गाडी कुठून सुटते म्हणून सात रस्त्याच्या चौकात तिघांना विचारलं. एकानं तेलुगू वळणाच्या मराठीत सांगितलं, दुसऱ्यानं दख्खनीत, आणि तिसऱ्यानं नुसताच हात केला. तिघांच्या दिशा वेगळ्या होत्या आणि तिघंही अगदी खात्रीनं सांगत होते. शेवटी मी समोरच्या खानावळीत शिरले, कारण पोट रिकामं असताना मला दिशा कळत नाहीत.

कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर तेलाची धार. कोकणात आम्ही सगळ्यात नारळ घालतो, इथं सगळ्यात शेंगदाणा. चटणीनं नाकातून पाणी काढलं, तरी मी दुसऱ्यांदा मागितली. वाढणारे गृहस्थ खूश झाले. बाई माणूस एकटी कुठं निघाली, ही चौकशी ओघानं आलीच.

"तिळाच्या फुगलेल्या बोंडांचा अभ्यास करायचा आहे," मी म्हणाले.

त्यांचा वाढता हात थांबला. "फुगल्याली बोंडं व्हय? आमची आय ती उंबऱ्याच्या आत आणू देत नव्हती."

"का?"

"का म्हंजे? न्हाय आणायची." आणि ते पलीकडच्या पंगतीकडे वळले. जाताना त्यांनी मला गाडीची जागा बरोबर दाखवली, पण पुढं एक शब्द बोलले नाहीत. मला त्याचं हसू आलं.

रान

गावाचं नाव मुद्दामच देत नाही. सांगोल्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले, तर शिंद्यांचे भाऊ आप्पा बैलगाडी घेऊन उभे. उंच, हाडकुळे आणि अखंड बोलणारे.

"माशी बघाया पुण्यास्नं आलाय म्हंजे आमच्या माशीचं नशीबच की, बाई! आमच्याकडं बघाया तालुक्याचा सायेब बी येत न्हाय."

वाटेत त्यांनी घरची माणसं ओळखीची करून दिली. घरात त्यांची बायको, तिला सगळे आक्का म्हणतात. मुलगा नामदेव होटगीला रेल्वेच्या कामावर, सुटी मिळेल तसा येतो. सून कौसल्या घरीच. "बास, एवढंच," असं म्हणून ते बैलांशी बोलू लागले. घरात नातवंड नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

गाडी थेट रानातच न्यायला लावली. बाजरी निघाली होती. तिकडे तिळासाठी वेगळं रान अडवत नाहीत. बाजरीत किंवा मटकीत मध्येच तिळाची एखादी ओळ टाकतात आणि त्या ओळीला तास म्हणतात. मी एकेका तासातून बोंडं चाचपत निघाले. वाळत आलेल्या तिळाला हात लागला की आतले दाणे खुळखुळतात. आप्पांचा तीळ छान वाजत होता. फुगलेलं बोंड सापडायचं ते एखाददुसरं. मी निराश व्हायला लागले.

शेताच्या टोकाला बांध होता आणि बांधावर एक काटेरी झाड. त्या झाडाला लागून तिळाचं एकच तास होतं, बाकीच्यांपासून तुटक. मी त्यात हात घातला आणि काहीच वाजलं नाही.

मी खालपासून वरपर्यंत ताटं हलवून पाहिली. त्या तासात आवाजच नव्हता. जवळजवळ प्रत्येक बोंड फुगलेलं, टम्म, एका अंगाला मुरडलेलं. काहींच्या सालीला भोक पडलं होतं, आणि त्या भोकातून कोषाची रिकामी कात अर्धी बाहेर येऊन तशीच उभी होती, कुणीतरी डोकावून बघता बघता थिजल्यासारखी. ब्लेडनं एक बोंड उभं चिरलं. आत पांढुरक्या बुरशीचं मऊ अस्तर, मध्ये काळं पडलेलं, आणि त्यात पिवळसर आळी स्वस्थ पडलेली. ही बुरशीही माशीच आणते. अंड्याबरोबर तिचं बी आत सोडते आणि झाडाकडून त्या अस्तरालाही पोसून घेते. मला आनंद झाला. खरं सांगते, त्या वेळी निव्वळ आनंदच झाला.

मग झाडाकडे पाहिलं. ती तरटी होती. माळावर सगळीकडे असते, खुरटलेली. ही मात्र पुरुषभर उंच आणि हिरवीगार होती. बुंध्याशी आळं केलेलं, माती ओली. फांद्यांना लाल-हिरव्या खणाच्या पुरचुंड्या बांधलेल्या, काही नव्या, काही विटून चिंध्या झालेल्या. एरवी तरटी उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलते, पण पाणी मिळाल्यानं हिनं अवेळी कळ्या धरल्या होत्या. त्यातल्या कित्येक कळ्या उमलायचं विसरल्यासारख्या मिटून फुगल्या होत्या. मी वाकून एक तोडायला गेले आणि पदर अडकला. सोडवायला हात घातला तर हातही अडकला. तरटीचे काटे आकड्यासारखे मागं वळलेले असतात. बाहेर ओढावं तसे जास्त रुततात, सुटायचं तर आधी आणखी आत जावं लागतं.

"हालू नगा," आप्पा लांबूनच ओरडले. ते बांधाच्या खाली थांबले होते, वर आले नाहीत. "गडीमाणसानं तितं जायचं नसतंय. हळूच आत सरका, मंग सोडती."

मी आत सरकले. पानं तोंडाला लागली. क्षणभर मला वाटलं, कुणीतरी मला अगदी जवळून न्याहाळत आहे. मग काटे सुटले आणि रक्ताळलेल्या हातात कळी घेऊन मी खाली आले. चिरली. तेच अस्तर, तीच आळी.

"सापडली!" मी मोठ्यानं म्हणाले. "आप्पा, हे तास कुणाचं?"

फाट्यापासून ज्यांचं तोंड बंद झालं नव्हतं ते आप्पा बैल जुंपायला लागले. "सुनंचं हाय," एवढंच म्हणाले.

घर

हुलग्याचं माडगं, भाकरी, कांदा. मी भात खाणारी, पण त्या माडग्याचे तीन वाडगे मी प्यायले. कौसल्या चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. विशीतली, अंगानं बारीक, थापताना ओठ मिटून घेणारी. आक्का माझ्यासमोर बसून माझ्या तळव्यावरच्या ओरखड्यांना हळद लावत होत्या. त्यांची नजर स्थिर होती, पापणी फारशी लवत नसे. सुनेचं तास म्हणजे काय, हे मी विचारलं आणि त्यांनी अगदी सरळ सांगितलं, भाकरीचं पीठ कसं मळतात ते सांगावं तसं.

लग्न होऊन आलेल्या सुनेनं तीन पावसाळे तरटीच्या बुडाशी आपल्या हातानं तिळाचं एक तास पेरायचं. तरटी म्हणजे शिवारातली देवी, तिला आईच म्हणतात. नवरात्रात झाडाखाली बसून सासूनं त्या तासाची बोंडं फोडायची. भरलेली निघाली तर सून घरची झाली. रिती निघाली तर पुढच्या वर्षी पुन्हा. फुगलेली बोंडं खणात बांधून झाडाला परत द्यायची, कारण ते तिचं असतं. आणि तिन्ही वर्षं रिती निघाली तर...

"तर?" मी विचारलं.

"तर माहेरी धाडायचं. तिची कूस आईनं राखून ठेवली म्हणायचं. लेकाला दुसरी करायची."

"आणि हिची किती वर्षं झाली?"

"दुष्काळाचं साल धरत न्हाईत. ते सोडून हे तिसरं."

चुलीपुढची थापण्याची लय चुकली नाही. मी मात्र घास हातात धरून बसले. त्या तासात काय आहे हे मी नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं. बोंडं फोडायला चार-सहा दिवस उरले होते.

त्याच ओघात दुष्काळाचंही कळलं. टँकर आला की बायका पहिली कळशी तरटीला घालत आणि मग घरी नेत. "जनावरं गेली, पर तिला वाळू दिली न्हाय," आक्का म्हणाल्या. मी ज्यासाठी आले होते त्याचं उत्तर मला जेवता जेवता मिळालं. आख्खा माळ वाळला तरी हे एक झाड कळ्या धरत राहिलं आणि माशी त्या कळ्यांत राहिली. वर दर वर्षी गावच्या बायका भरल्या गाठी तिच्या फांद्यांना नेऊन बांधत होत्या. तीळ गेला की माशीला घर शोधत उडायचीही गरज नव्हती.

मी खोलीच्या खिडकीत दोन बरण्या ठेवल्या. एकीत तासातली बोंडं, दुसरीत तरटीच्या कळ्या. झाकायला मलमल आणलं होतं ते घाईत पुण्यालाच राहिलं, म्हणून माझे दोन बरे रुमाल कामी आले. सकाळी उठले तर दोन्ही बरण्यांत माश्या. उजेडाकडच्या काचेला चिकटून बसलेल्या, दोन्हीकडे अगदी सारख्या. बोंडांच्या आणि कळ्यांच्या सालींतून काती अर्ध्या बाहेर उभ्या होत्या.

मी आक्कांना आणि कौसल्येला बोलावलं. माझ्या मनात होतं, आता दाखवून देते, म्हणजे प्रश्नच मिटेल. वर्गात शिकवते तसं सगळं समजावलं. ही माशी झाडावरून तासात येते. तास झाडाच्या बुडाशी, म्हणून त्यालाच आधी गाठते. यात कुणाच्या कुशीचा काही संबंध नाही. पुरचुंड्या बांधू नका, ती बोंडं जाळून टाका, पुढच्या वर्षी तास दुसऱ्या टोकाला पेरा.

आक्का बरणीला नाक लावून किती तरी वेळ बघत राहिल्या.

"ह्या आईच्या अंगातनं निघत्यात?"

"झाडातून निघतात."

"आन् हिच्याच तासात जात्यात. म्हागल्या अंगाला आमचा येवढा तीळ हाय, तितं जात न्हाईत."

"ते लांब आहे म्हणून."

"चार पावलावर हाय की, बाई." त्या सरळ झाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "इतकी वर्सं झाली, आई कौल देती हे ठाव हुतं. कसा धाडती ते दिसत नव्हतं. तुमी दावलंत." आणि त्यांनी त्या बरणीला हात जोडले.

जे मोडायला गेले होते त्याला मीच पुरावा आणून दिला होता. दुपारपर्यंत शेजारपाजारच्या बायका बरणी बघायला रांगेनं आल्या आणि बघून झालं की कौसल्येकडे बघत गेल्या.

संध्याकाळी ती परसात जात्यापाशी बसली होती. मी तिच्याजवळ गेले. तिनंच विचारलं, "बाई, आळी आत काय खाती?"

"झाड तिला रस पुरवतं."

"आपला जीव समजून?"

"झाडाला फरक कळत नाही. आत वाढतंय ते आपलंच समजून ते पोसतं."

तिनं जातं थांबवलं. "कळत न्हाय व्हय," असं हळूच म्हणाली आणि पुन्हा दळायला लागली.

तरटीखाली

बोंडं फोडायच्या दिवशी सकाळीच कौसल्येची पत्र्याची ट्रंक सोप्यावर आणून ठेवलेली दिसली. नामदेव होटगीहून आला होता. ट्रंकेकडे न बघता तो दोनदा तिच्याशेजारून गेला. त्याच्याशी बोलायला गेले तर म्हणाला, "आईम्होरं माजं काय चालतंय, बाई?" रागवावं तर चेहरा इतका पडलेला की रागही येईना.

बायका तरटीभोवती जमल्या. पुरुष खाली, लांब. आक्का झाडाच्या बुडाशी मांडी घालून बसल्या आणि कौसल्येनं आपल्या हातानं तोडून आणलेली बोंडं त्यांच्या ओटीत ओतली. वारा अजिबात नव्हता. आक्का एकेक बोंड नखानं फोडत, दाखवत आणि बाजूला ठेवत. काळं, काळं, पुन्हा काळं. नख लागल्यावर साल फाटण्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. उठून काहीतरी ओरडावं असं वाटत होतं, पण काय ओरडणार? जे माझ्याजवळ होतं ते मी सांगून बसले होते.

"रितं," आक्का म्हणाल्या. "तिन्ही सालं रितं."

"रितं न्हाय."

कौसल्या बोलली होती. माझ्या आधी बाकीच्या बायकाच दचकल्या. ती पुढं झाली, ओटीतलं एक बोंड उचललं, फोडलं आणि सासूच्या तळहातावर ठेवलं. अस्तरात आळी होती, हवा लागताच किंचित आकसली.

"हे बघा, आत्या. जित्तं हाय. जित्तं आसल तर रितं कसं?"

"ते दुसऱ्याचं हाय."

"आसंल. पर पोसलं माज्या तासानं. बाईंनी सांगितलंय, पोसणारीला आपलं-परकं कळत न्हाय. दुसऱ्याचं बी पोसीन म्या. आई दील ते पोसीन."

सगळ्या बायकांची तोंडं माझ्याकडे वळली. मी झाडाबद्दल बोलले होते, बाईबद्दल नव्हे. पण तेव्हा कोण तेवढं बघतंय! "बरोबर आहे," मी म्हणाले.

आक्का तळहातावरची आळी निरखत बसल्या. उन्हं कलायला लागली तरी त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी ती आळी अलगद बुंध्याशी ठेवली.

"येक साल," त्या म्हणाल्या. "फुडल्या घटापातुर. तवर भरून दाव."

बायका उठल्या. बोंडं खणात बांधून फांद्यांना लटकवली गेली. मी जाळायचं नाव काढलं नाही. ट्रंक आत गेली, नामदेव भिंतीकडे तोंड करून रडला, आणि दुसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. एसटीत मी स्वतःवर खूश होते हेही सांगायला हवं.

चैत्र

उन्हाळ्यात परत जाणं भाग होतं. बांधलेल्या बोंडांतली माशी तरटीच्या बहरात उतरली का, हे बघितल्याशिवाय माझं काम अर्धंच राहणार होतं.

फाट्यापासून या वेळी चालत गेले, आणि ते चुकलं. माळ नुसता तापलेला. डोक्यावर ओला टॉवेल घेतला तर तो पोहोचेपर्यंत पापडासारखा वाळला. सगळं शिवार राखाडी आणि बांधावर ती एकच हिरवी. जवळ गेले. झाड बहरलं होतं, पण फुलं थोडी. बाकी सगळ्या कळ्या मिटलेल्या, फुगलेल्या, फांदीफांदीला घोसानं. इतक्या गाठी एका झाडावर मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. मी ब्लेड काढलं आणि कोण जाणे का, परत पिशवीत ठेवलं.

कौसल्या कळशी घेऊन बांधावर येत होती. मला बघून हसली. पदराखाली पोट दिसत होतं.

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. घरी तर काय, आक्का तिला बसल्या जागी ताक नेऊन देत होत्या. "आईनं भरलं," त्यांनी मला सांगितलं. आप्पांचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं. शेजारच्या बायका येत, तिच्या पोटावरून हात फिरवून तो कपाळाला लावत. फक्त झाडाला पाणी घालायचं काम तिचंच होतं, तिथं दुसरं कुणी गेलेलं चालत नसे. मी कळ्या गोळा करायला तिच्याबरोबर गेले.

आळ्यात पाणी ओतून ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, येक इचारू?"

"विचार की."

"बोंडातली आळी आत हालती का?"

शिकवायची सवय वाईट. "नाही," मी लगेच म्हणाले. "तिला जागाच नसते. पडून असते आणि वाढते. हालचाल काय ती बाहेर पडायच्या वेळेला."

तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसले.

"माजं बी हालत न्हाय," ती म्हणाली. "म्हयने सहा झाले. आत्या म्हंत्यात, पाचव्यात हालतंय. म्या त्यास्नी सांगितलंय हालतंय म्हणून. पर न्हाय हालत, बाई."

"उद्या माझ्याबरोबर सोलापूरला चल. मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर असतात. पोटाला नळी लावून ऐकतात, काही करत नाहीत."

"आन् त्यांनी काय न्हाय म्हटलं तर? मंग घटाला म्या काय दावू?"

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कधी कधी उशिरा कळतं, पहिलटकरणीला समजत नाही, असं जे जे कानावर होतं ते सगळं. ती ऐकत नव्हती. ती वर, घोसाघोसानं फुगलेल्या कळ्यांकडे बघत होती.

"त्या दिशी म्या बोलले न्हवं, आई दील ते पोसीन म्हणून. हितंच उभी राहून बोलले." तिचा आवाज अगदी खाली आला. "तिनं ऐकलं आसंल का?"

भर दुपारी, त्या उन्हात, माझ्या अंगावर काटा आला. मी शिकलेली बाई आहे. तिच्याशी बोलताना झाडाकडे बघायचं नाही, एवढंच मी ठरवलं आणि ते मला जमलं नाही.

तिनं माझा हात धरला आणि पोटावर ठेवला. "तुमी आतलं वळखता. सांगा, कोन हाय?"

पोट गरम होतं, घट्ट होतं. मी श्वास धरून वाट पाहिली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, डोळे न हलवता.

"बाळ आहे," मी म्हणाले.

"हाललं?"

"हललं. आत्ता हललं."

"नक्की?"

"नक्की."

ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. माझा हात मात्र तिनं सोडला नाही. दोन्ही हातांनी तो पोटावर घट्ट दाबून ती तशीच बसून राहिली, आणि माझ्या तळव्याखाली काहीच हलत नव्हतं.